फाशीच्या खटल्यांवर काम करायचंय: प्राध्यापक व्हावं की सनद घ्यावी?

लातूरचा_विद्यार्थी:
एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रा. अनुप सुरेंद्रनाथ यांच्याबद्दल वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकवता शिकवता त्यांनी फाशीच्या कैद्यांसाठी काम उभं केलं. त्यांच्या २०१६ च्या अहवालात फाशीच्या ३८५ पैकी ३७३ कैद्यांची माहिती आहे, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश गरीब घरचे. घरचे म्हणतात, खूळ सोड आणि जेएमएफसीची, म्हणजे न्यायाधीशाच्या परीक्षेची, तयारी कर. प्राध्यापक राहून कोर्टात उभं राहता येतं का? आणि या कामात रोज नेमकं करायचं काय असतं?

सेशन्सवाली:
दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, पहिल्याचं उत्तर कोणीही देईल. मी बचावाची कामं करते, त्यात बरीचशी लिगल एडची, म्हणजे गरीब आरोपींना मिळणाऱ्या मोफत वकिलाची.

आमच्याकडे कितीदा व्हायचं ते असं: सकाळी दोषी ठरवलं, जेवणानंतर शिक्षेवर ऐकलं. वकील उठून म्हणणार, 'आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया दाखवावी.' संपलं. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघा, असं सुप्रीम कोर्टाच्या बच्चन सिंग निकालाने १९८० मध्येच सांगितलंय. पण फाइलीत त्या माणसाबद्दल ओळसुद्धा नसेल तर जज बघणार काय? २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालानंतर ही माहिती खालच्याच कोर्टात यायला हवी.

ती आणायची म्हणजे कैद्याच्या आईच्या ओट्यावर जाऊन बसायचं. पहिल्या भेटीत ती चहा देते आणि 'पोरगं चांगलं होतं' एवढंच म्हणते. लहानपणी विहिरीत पडून डोक्याला लागलं होतं, हे पुढे कधीतरी मावशी सहज बोलून जाते. मग त्या दवाखान्याचे कागद शोधायचे.

पुण्याचं १९९४ चं सात खुनांचं प्रकरण वाच. खटल्यात त्या मुलाचं वय विशीच्या आसपास धरलं गेलं आणि फाशी सुप्रीम कोर्टापर्यंत कायम झाली. राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरमध्ये मात्र वेगळंच नाव आणि जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे घटनेच्या वेळी साडेबारा वर्षं! सुरेंद्रनाथांनी विद्यापीठात उभ्या केलेल्या प्रोजेक्ट ३९अ या गटाने ते प्रकरण लावून धरलं. मार्च २०२३ मध्ये सुटला तेव्हा २८ वर्षांहून जास्त काळ आत काढला होता.

पुणेकर_६०:
मी तेव्हा पुण्यातच होतो. गरोदर बाई, लहान लेकरं, काही सोडलं नाही हो. प्राध्यापक मंडळींना कैद्यांची आई दिसते, मेलेल्यांचे नातेवाईक दिसत नाहीत.

सेशन्सवाली:
काका, राग समजतो. या क्षेत्रात येणाऱ्याने तो पहिल्या दिवसापासून ऐकायचाच असतो. पण एका घरातल्या खुनांचं अंकुश शिंदे प्रकरण बघा. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने भटक्या जमातीतल्या सहाही जणांना फाशी दिली आणि २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या अल्बममधले दुसरेच चौघे ओळखले होते, त्यांच्यावर खटलाच चालला नाही. त्या घरातल्या मेलेल्यांना कोणता न्याय मिळाला? नुसता बचावच पांगळा नव्हता, तपासही तसाच होता.

सनद_धारक:
पहिल्या प्रश्नाचं: पूर्णवेळ पगारी प्राध्यापक झालास की वकिली बंद. उलट वकिली चालू ठेवून दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, केंद्र सरकारचे १९७९ चे नियम आहेत. म्हणून विद्यापीठातली मंडळी संशोधन करतात, ब्रीफ, म्हणजे युक्तिवादाचे मुद्दे आणि कागद, तयार करून देतात आणि कोर्टात दुसरे उभे राहतात. नाव निकालात येतंच असं नाही. ते चालणार असेल तर एलएलएम, नेट-सेट कर.

सेशन्सवाली:
आणि त्याआधी दोन-तीन वर्षं सेशन्स कोर्टात घाल, हा माझा आग्रह आहे. उलटतपास न बघता फाशीवर शिकवणारे मला फारसे पटत नाहीत. तुमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात लिगल एड डिफेन्स कौन्सेलच्या ऑफिसात जा, खुनाची एखादी निकाली फाइल वाचायला माग. जुन्या सीआरपीसीच्या कलम ३१३ चा जबाब काढ, म्हणजे जजने विचारलेल्या प्रश्नांना आरोपीने दिलेली उत्तरं. पानंच्या पानं प्रश्न आणि प्रत्येकापुढे 'खोटे आहे' किंवा 'माहीत नाही'. त्यातून आरोपी कोण, कुठला, शिकलेला किती, यातलं काय हाती लागतं ते लिहून काढ आणि मग इथे येऊन सांग. जेएमएफसीची तयारी करायची तर कर, अभ्यास वाया जात नाही.