एम.कॉम.च्या मुलांना इंटर्नशिपला पाठवण्याआधी कॉलेजनं काय करून घ्यावं?

उद्यमबागचा जमाखर्च:
बेळगावात एका कर सल्लागाराकडे मी बारा वर्षं काम करतोय. मागच्या महिन्यात एम.कॉम.ची एक मुलगी इंटर्नशिपला आली. हुशार. तिला एका फाउंड्रीची कास्टिंगची बिलं टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, घालायला दिली. गिऱ्हाईक शिरोलीचं, म्हणजे कोल्हापूर. तिनं राज्यातल्या राज्यात विक्री असल्यासारखा सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ टक्के लावून अख्खा गठ्ठा संपवला! परराज्यातल्या विक्रीवरचा आयजीएसटी कधी लागतो विचारलं, तर घडाघडा सांगितलं. पण बिलावरच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे, महाराष्ट्र २७ आणि आपण, म्हणजे कर्नाटक, २९, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण आम्हाला सीमा रोज दर बिलाला बघावी लागते.

माझं म्हणणं एवढंच: पाठवण्याआधी एका खऱ्या धंद्याचे एका महिन्याचे कागद मुलांपुढे ओता. चुरगळलेली बिलं, बँक स्टेटमेंट, मशीनिंगला गेलेल्या मालाचं एखादं चलन (माल परत येणार असतो, विक्री नसते; तरी ते विक्रीत धरतात का बघा, निम्मे धरतील). ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण; १४ ला २बी, म्हणजे पोर्टलवर दिसणारी आपल्या खरेदीची यादी, आलं की खरेदीशी ताळा; २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं विवरण. तारीख चुकली की मार्क कापा.

वर्गातली बाई:
मी एम.कॉम.ला शिकवते, म्हणून जरा झोंबलं. बिलं घालायलाच शिकवायचं तर तीन महिन्यांचा टॅलीचा क्लास पुरे, दोन वर्षं कशाला? २७ आणि २९ सांगायला तुम्हाला दहा मिनिटं लागली असतील. ती मुलगी परत चुकली का?

उद्यमबागचा जमाखर्च:
नाही चुकली. कबूल. पण ती आली १६ तारखेला. त्या चार दिवसांत आमच्याकडे चहा प्यायला दहा मिनिटं नसतात.

वर्गातली बाई:
मग तिला २१ ला बोलवायचं होतं. शिकवायला वेळ नाही म्हणून तयार माल मागायचा आणि त्याला इंटर्नशिप म्हणायचं, हे काही पटत नाही बघा. वडगावच्या मागवाल्याचं, म्हणजे विणकराचं, उदाहरण घ्या. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या अशा छोट्या कारखानदाराचे पैसे व्यापाऱ्यानं १५ दिवसांत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत आणि वर्ष संपलं, तर तो खर्च व्यापाऱ्याला त्या वर्षी धरता येत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ४३बी (एच), २०२३-२४ च्या हिशेबापासून. म्हणजे पैसे थकवले मागवाल्याचे, आणि टॅक्स वाढला व्यापाऱ्याचा. हे असं का केलं, हे ऑफिसात कोण समजावतं? तुमच्याकडे नुसती यादी काढायला सांगतात.

उद्यमबागचा जमाखर्च:
यादीच काढायला सांगतो, खरंय. आमचे साहेबसुद्धा पहिल्या वर्षी पुस्तक उघडून बसले होते.

निपाणीकर:
तुम्ही दोघं काय शिकवायचं त्यावर भांडताय. मी दोन महिने रोज निपाणीहून बसनं बेळगावला येत होतो. काम काय, तर झेरॉक्स आणि फायलींवर नावं चिकटवणं. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट दिलं, त्यात 'ऑडिटचा सखोल अनुभव' असं लिहिलेलं. सीएच्या आर्टिकलशिपला निदान किमान स्टायपेंड ठरवून दिलेला असतो. आम्हाला बसभाडंपण नाही. मुलांची तयारी करून घ्या, पण ऑफिसची तयारी कोण तपासणार? काय शिकवणार ते आधी कागदावर घ्या आणि मगच पोरं पाठवा.

शहापूर पेठ:
निपाणीकरांशी शंभर टक्के सहमत. माझी एक भर. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना हिशेब येतो, मागता येत नाही. गोकाकच्या पार्टीशी कन्नडमध्ये बोलायचं, पुण्याच्या पार्टीशी मराठीत, आणि नोटिशीला उत्तर इंग्रजीत. मुलगा घरी मराठी, शाळा मराठी. फोन वाजला की माझ्याकडे बघतो. मेल लिहिला तर 'सर, प्लीज सेंड बिल्स'. कुठली बिलं, कुठल्या महिन्याची, कधीपर्यंत? समोरचा काय पाठवणार, लाइट बिल? 'जुलैची खरेदीची बिलं, २बीत दिसतात पण आमच्याकडे नाहीत ती चार, नंबर खाली दिलेत, शुक्रवारपर्यंत हवीत' एवढं तीन भाषांत सांगता आलं तर मी त्याला टॅली स्वतः शिकवीन.

वर्गातली बाई:
हे मात्र आमच्याकडे होत नाही, मान्य. जमाखर्चवाले, तुमचे साहेब तो कागदांचा गठ्ठा देतील का? पार्टीची नावं पुसून. माझा हट्ट एकच: प्रत्येक नोंदीपुढे 'का' लिहायचं, त्याला निम्मे मार्क.

उद्यमबागचा जमाखर्च:
विचारतो. २० तारीख होऊ दे. नावं पुसून देईन, नंबरचे पहिले दोन आकडे तेवढे ठेवतो.

निपाणीकर:
आणि बसभाड्याचं काय ठरलं?