मदत हवी आहे : ग्रुपवर कोणीच बोलत नाही

लडीवाली
मंडळी, जरा लवकर सांगा. चार महिन्यांपूर्वी ग्रुप काढला, साडेसहाशे लोक आहेत, मी रोज न चुकता पोस्ट टाकते आणि कोणी चकार शब्द काढत नाही. धंद्याभोवती कम्युनिटी हवी असं जो तो सांगतो, ती बोलती कशी करायची ते कोणी सांगत नाही. 'मनापासून संवाद साधा' छाप सल्ले नकोत. सोमवारी नवा माल येतोय, त्याआधी काय करू?

जुनं_खोड
कसला धंदा, कुठला ग्रुप, रोज काय टाकता? सगळं आम्हीच ओळखायचं का?

लडीवाली
लोकर आणि क्रोशाच्या सुया विकते, ऑनलाइन. व्हॉट्सॲप ग्रुप, अजून कुठला असणार! नवे रंग, ऑफर, सुप्रभात.

टेलिग्रामप्रेमी
तिथेच चुकलं. व्हॉट्सॲप ग्रुपला १०२४ जणांची मर्यादा, टेलिग्रामला दोन लाखांची. आजच हलवा.

जुनं_खोड
साडेसहाशे जण गप्प बसलेत, त्यांना दोन लाखांचं सभागृह कशाला?

आकडेमोड
वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ९०-९-१ चा ठोकताळा बघा. शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, एकच जण सारखा लिहितो. म्हणजे तुमच्याकडे सतत लिहिणारे सहा-सातच निघणार. शांतता अगदीच जगावेगळी नाही.

वाचनमात्र
हे साडेसहाशे आले कुठून? स्वतःहून?

लडीवाली
ऑर्डरवरचे नंबर होते, ते टाकले. गिऱ्हाईकच आहेत, त्यात विचारायचं काय?

वाचनमात्र
माझा नंबर न विचारता साडेसहाशे अनोळखी लोकांपुढे ठेवलात तर मी पहिल्या मिनिटाला ग्रुप म्यूट करेन. ऑफरसाठी चॅनेल काढा, तिथे फॉलोअर्सना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ग्रुपमध्ये येऊ म्हणतील तेवढेच ठेवा, साठ उरले तरी चालेल.

टेलिग्रामप्रेमी
टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. मी आधीच सांगितलं होतं.

सुईदोरा
ताई, मी विणकामाचा एक ग्रुप तीन वर्षं चालवला, विक्रीसाठी नाही, हौसेचा. आमच्याकडेही आधी शुकशुकाटच होता. मग सगळ्यांनी मिळून एकच शाल करायला घेतली. दर गुरुवारी नमुन्याचा एकच भाग द्यायचा, पुढचा आठवडाभर दाखवायचा नाही. तेव्हा कुठे लोक बोलायला लागले, कारण सगळे एकाच ओळीवर अडायचे. आणखी एक गंमत कळली. पूर्ण झालेल्या शालीच्या फोटोला नुसते बदाम मिळतात. 'इथे माझे तीन टाके वाढलेत, उसवू का?' याखाली मात्र वीस जणी तुटून पडतात. पहिले काही आठवडे मी माझंच चुकलेलं काम टाकायचे, कधी मुद्दाम चुकवून. तुमच्या पोस्टमध्ये कोणाला उत्तर देण्यासारखं काय असतं? सुप्रभातला काय म्हणणार, सुप्रभात?

आकडेमोड
मुद्दाम चुकवून म्हणजे फसवणूकच की.

सुईदोरा
चुकून चुकलेलंही भरपूर असायचं हो.

जुनं_खोड
लडीवाली, पहिल्या दिवसापासून शांतता आहे की मध्येच बसली?

लडीवाली
पहिला महिना बोलायच्या की. मग एकीने लिहिलं, एकाच शेडच्या दोन लड्या जुळत नाहीत, अर्धं स्वेटर वेगळं दिसतंय. बाकीच्यांनी उगाच संशय घेऊ नये म्हणून मेसेज काढला, तिलाही काढलं. पैसे परत केले तिचे. त्याचा इथे काही संबंध नाही.

जुनं_खोड
हे आत्ता सांगताय? ॲडमिनने मेसेज काढला ही पाटी सगळ्यांना दिसते, ॲडमिनच्या नावासकट. साडेसहाशे जणांना कळलं की इथे बोललं तर बाहेर. कोण बोलेल?

रंगारी
लोकरीचा डाय लॉट, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेला घाणा, बदलला की शेड नंबर तोच असूनही रंगात फरक पडतो. मोठ्या कामाला सगळ्या लड्या एकाच लॉटच्या घ्याव्यात. नाहीच मिळाल्या तर दोन ओळी एका लडीच्या, दोन दुसरीच्या, असं आलटून पालटून विणायचं. फरक मिसळून जातो.

टेलिग्रामप्रेमी
ताईंनी हे विचारलं नव्हतं.

सुईदोरा
टेलिग्रामचं तरी कुठे विचारलं होतं? रंगारींचा हा प्रतिसादच ग्रुपवर टाका, ताई. तिला परत बोलवा, झालं ते सांगा, आणि सोमवारपासून प्रत्येक ऑर्डरवर लॉट नंबर लिहा.

लडीवाली
तिला फोन केला, उचलला नाही. मेसेज करून ठेवलाय. ग्रुपवर 'रंग न जुळल्याची तक्रार मी काढली होती, चुकलं' असं लिहिलं, रंगारींची युक्तीही टाकली. तासाभरात अकरा उत्तरं आली. त्यातली चार 'माझंही असंच झालं होतं', फोटोसकट. आता काय करू?

जुनं_खोड
डिलीट सोडून काहीही.

वाचनमात्र
अवांतर : मला क्रोशा शिकायचा आहे. तीन मिलिमीटरची सुई आणि काळी लोकर घरात आहे, चालेल?

सुईदोरा
पाचची घ्या, आणि लोकर फिक्या रंगाची. काळ्यात टाके दिसत नाहीत. अडलात की फोटो टाका.