मदत हवी आहे: ईसीटीला (मेंदूला विजेचा झटका देऊन करायच्या उपचाराला) तुम्ही 'हो' कशामुळे म्हणालात?

माझ्या मोठ्या बहिणीला तीव्र नैराश्य आहे. औषधं बदलून झाली, डोस वाढवून झाले. आता जेवणही सुटलंय. घास भरवला तर तोंडात तसाच धरून बसते. डॉक्टरांनी ईसीटी सुचवली आहे.

ताई नको म्हणते. 'शॉक' म्हटलं की आईला सिनेमातला बांधून ठेवलेला माणूसच दिसतो. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे, हे सांगितल्यावर आई जरा सावरली. ताईची धास्ती वेगळी आहे. "लेकीचं लहानपण विसरले तर?" ही भीती खोटी नाही. काहींच्या काही आठवणी जातात, हे डॉक्टरही लपवत नाहीत.

ज्यांनी स्वतः ईसीटी घेतली आहे, त्यांना विचारायचंय: तुम्ही तयार कशामुळे झालात? त्रास सोसवेना म्हणून, बरं झालेलं कुणी भेटलं म्हणून, की घरच्यांसाठी? घरच्यांचं कोणतं बोलणं आधाराचं वाटलं आणि कोणतं दडपणाचं? मला तिच्यावर जबरदस्ती करायची नाही. नकार दिलेल्यांनीही कृपया लिहा. इथे अवघड वाटलं तर मला मेसेज केलात तरी चालेल.