मेरीमूरच्या डॉग पार्कमध्ये पिल्लाला पहिल्यांदा मोकळं सोडायचंय, काय काय बघावं?

सायली_रेडमंड

नमस्कार मंडळी. आमच्याकडे उन्हाळ्यात लॅब-मिक्स पिल्लू आलंय. नाव चिंगी, आता साडेपाच महिन्यांची आहे. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, अंगण नाही. लीशवर, म्हणजे दोरीला धरून, कितीही फिरवलं तरी संध्याकाळी सोफ्याच्या उशा फाडायला हिच्यात ताकद उरलेलीच असते. ऑफिसमधले सगळे म्हणतात, मेरीमूरला (सिअॅटलजवळच्या रेडमंडमधला मोठा पार्क, तिथे कुत्री मोकळी सोडायची जागा आहे) ने आणि सोडून दे, दमून झोपेल.

परवा मी एकटीच जाऊन कुंपणाबाहेरून बघून आले. मोठमोठे हस्की आणि शेफर्ड धावत होते, बरेच मालक फोनमध्ये डोकं घालून उभे होते. मला धडधडायलाच लागलं. रेबीजची लस झाली आहे, पार्वो-डिस्टेंपरचे सगळे डोस झालेत, किंग काउंटीचं लायसन्सही काढलंय. स्पे (नसबंदी) अजून केलेलं नाही. शिवाय ऑक्टोबरमध्ये आई-बाबा नाशिकहून येतायत, त्यांनाही नदीकाठी फिरायला न्यायचा विचार आहे. नियम वेबसाइटवर वाचले. पण खरोखर तिथे वावरायचं कसं, ते कुणी सांगाल का?

विद्याताई_कर्कलंड

सायली, बाहेरून बघून आलीस हे फार चांगलं केलंस. मी तिथे बरीच वर्षं जाते. आता माझ्याबरोबर म्हातारा भैरू असतो, शेफर्ड-मिक्स. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एकच बघ: चिंगी हाकेला येते का? घरात, हातात चीज असताना नव्हे. समोर दुसरं कुत्रं दिसतंय, ती त्याच्याकडे ओढ घेतेय, आणि तू हाक मारल्यावर ती मान वळवून तुझ्याकडे येते का? येत नसेल तर अजून सोडू नकोस. मेरीमूरची मोकळी जागा सुमारे 40 एकर आहे, मध्ये झाडी आहे, पायवाटा आहेत आणि नदीच्या काठावर कुत्र्यांना पाण्यात उतरायला मोकळ्या जागा आहेत. तिथे तुझा आवाज हीच तिची लीश. आत्ता एक लांब दोरी घे, साध्या पट्ट्याऐवजी हार्नेसला (छातीभोवती घालायच्या पट्ट्याला) बांध आणि कुठल्याही शांत मैदानावर रोज सराव कर. आली की दर वेळी खाऊ दे. आणि हे विसरू नकोस: हाक मारून आलेल्या कुत्र्याला प्रत्येक वेळी लीश लावून घरी नेलंस, तर ती हाकेला यायचं बंद करते. बोलाव, खाऊ दे, पुन्हा सोड. असं वारंवार झालं पाहिजे.

आता फाटक. पार्किंगपासून फाटकापर्यंत लीश हवीच. फाटकं दोन आहेत, मधल्या चौकोनात लीश काढायची आणि मगच आतलं दार उघडायचं. लीश लावूनच आत नेऊ नकोस. आतली सगळी कुत्री मोकळी असतात. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, लीश ताणली जाते, मान ताठ होते आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. मग तिथेच गुरगुर सुरू होते. फाटकाजवळ कुत्र्यांचा घोळका जमलेला असेल तर बाहेरच थांब, पांगू दे. आत गेल्यावरही तिथे रेंगाळू नकोस, सरळ चालायला लाग. एवढ्या मोठ्या पार्कचा हाच तर फायदा आहे. माणसं चालत राहिली की कुत्रीही मागेपुढे हुंगत चालतात. जी माणसं एका जागी कोंडाळं करून गप्पा मारतात, बहुतेक भांडणं त्यांच्याच पायाशी होतात.

खेळ आणि त्रास यातला फरक ओळखायला शीक, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. चांगल्या खेळात पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर करतात, अंग सैल असतं, धावणारा आणि पाठलाग करणारा यांची अदलाबदल होत राहते, मध्येच दोघं थांबतात, अंग झटकतात आणि परत सुरू करतात. याउलट तोंड मिटलेलं, अंग लाकडासारखं ताठ, शेपटी वर आणि तिचं फक्त टोक हलतंय, नजर रोखलेली, असं दिसलं की हाक मार आणि निघ. शेपटी हलतेय म्हणजे कुत्रं खूश आहे, असं धरून चालू नकोस. शंका आली तर वरचढ असलेल्या कुत्र्याला त्याच्या मालकाला क्षणभर धरायला सांग. दबलेलं कुत्रं आपणहून परत खेळायला आलं तर ठीक. ते लांब पळालं किंवा तुझ्या पायामागे लपलं तर त्याला नको आहे. चिंगी पायामागे लपली तर "जा जा, खेळ" म्हणून पुढे ढकलू नकोस. तुझ्या पायाशी तिला आसरा मिळतो हे तिला कळलं पाहिजे, म्हणजे पुढच्या वेळीही ती तुझ्याकडेच येईल.

आवडता बॉल आणि चघळायचं हाड घरी ठेव, त्यावरून मारामाऱ्या होतात. काटेरी किंवा चोक कॉलर (ओढला की गळा आवळणारा पट्टा) अजिबात नको, खेळताना दुसऱ्याचा जबडा अडकतो. शी उचलायच्या पिशव्या जास्तीच्या ने. तिथे स्वयंसेवक पुष्कळ राबतात, त्यांच्या जिवावर आपण सोडून जायचं नाही. उकरलेला खड्डा बुजवायचा, नाहीतर मागून धावत येणाऱ्या कुत्र्याचा पाय मोडतो.

स्पे केलेलं नाही म्हणतेस, तर माजावर कधी येते त्याकडे लक्ष ठेव. या वयापुढे ती कधीही येऊ शकते. माजावरच्या कुत्रीला आत आणायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

अभी_पुणेकर_सिअॅटल

माझं मत थोडं वेगळं आहे. साडेपाच महिन्यांच्या पिल्लाला एवढ्या गर्दीत नेऊच नये असं मला वाटतं. या वयात एखाद्या मोठ्या कुत्र्याने लोळवलं तर ती भीती कायमची बसू शकते. आधी ओळखीची, शांत स्वभावाची एक-दोन कुत्री गाठा आणि त्यांच्याबरोबर एखाद्या कुंपणाच्या अंगणात खेळू द्या. आणि लेप्टोस्पायरोसिसची (प्राण्यांच्या मुतातून पसरणाऱ्या आजाराची) लस घेतली आहे का, ते व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरला) विचारा. ती नेहमीच्या डोसांमध्ये असतेच असं नाही. आपल्याकडे चिखल आणि साचलेलं पाणी भरपूर, उंदीर-रकूनचं मूत त्यातच.

विद्याताई_कर्कलंड

अभी, ओळखीच्या कुत्र्यांपासून सुरुवात करायची हे पटलं. सायली, तसंच कर. मग नेशील तेव्हा आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी ने. शनिवार-रविवार दुपार पिल्लासाठी नाहीच. आणि पहिल्यांदा थोडाच वेळ थांब, ती मजेत असतानाच बाहेर पड. दमून चिडचिडी होईपर्यंत थांबलीस की भांडण होतं.

लेप्टोबद्दल अभी म्हणतो ते बरोबर. त्याहून तातडीचं सांगते, कारण ऑक्टोबर म्हणालीस. शरद ऋतूत मेरीमूरच्या काठच्या सॅमामिश नदीतून सामन मासे वरच्या बाजूच्या इसाक्वा गावाकडे अंडी घालायला चढतात. अंडी घातली की मरतात आणि मेलेले मासे काठाला लागतात. कुत्र्यांना तो वास म्हणजे मेजवानीच. पण या भागातल्या कच्च्या सामनमध्ये एक चपटा कृमी असतो आणि त्या कृमीच्या आत एक जिवाणू. कुत्र्याने असा मासा खाल्ला की साधारण आठवडाभरात ताप, उलट्या, जुलाब सुरू होतात, गळ्याखालच्या गाठी सुजतात, खाणं बंद होतं. उपचार केला नाही तर बहुतेक कुत्री दगावतात. वेळेत नेलं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकने आणि कृमीच्या औषधाने बरी होतात. म्हणून त्या महिन्यांत काठावर नेशील तेव्हा "सोड" म्हटल्यावर तोंडातलं सोडायला ती शिकलेली असू दे, आणि तोपर्यंत पाण्याजवळ लीश लावून ठेव. मासा तोंडात दिसला तर लक्षणांची वाट बघू नकोस, व्हेटला लगेच फोन कर.

सायली_रेडमंड

सामनचं तर मला काहीच माहीत नव्हतं. ताई, खूप आभार. अभी, पुढच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या गोल्डनबरोबर खेळवून बघते. दोन गोष्टी राहिल्या: भांडण लागलंच तर काय करायचं? आणि आईचे गुडघे दुखतात, तिला आत न्यावं का?

विद्याताई_कर्कलंड

भांडण लागलं तर तोंडाशी किंवा गळ्याशी हात घालू नकोस, चावे बहुतेक तिथेच बसतात आणि आपलंच कुत्रं आपल्याला चावतं. आधी मोठ्याने ओरड, टाळ्या वाजव, बाटलीतलं पाणी तोंडावर मार. नाही सुटले तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याच्या मागच्या मांड्या धरून मागे ओढायचं आणि लगेच लीश लावायची. एकट्याने एकालाच ओढलं तर त्याला मार बसतो. नंतर केसांच्या आतून हात फिरवून तपास. दाताचं छिद्र बाहेरून बारीक दिसतं पण आत खोल असतं, ते व्हेटला दाखवायचंच. समोरच्याचं नाव, फोन नंबर आणि रेबीजची तारीख घे, आपलीही दे. चिंगीने माणसाला चावलं तर "ती याआधी कधी चावली नाही" हे वॉशिंग्टन राज्यात चालत नाही, पहिल्याच चाव्याची जबाबदारीही मालकावर येते.

आईंना पहिल्या वेळी नेऊ नकोस. लॅबची पिल्लं वेगात येऊन मागून गुडघ्यावर आदळतात, धडधाकट माणूसही आडवा होतो. आणि तुझं लक्ष एकाच वेळी आईकडे आणि चिंगीकडे राहणार नाही. मेरीमूरचा बाकीचा पार्क मोठा आहे, सपाट रस्ते आहेत. आईंना बाबांबरोबर तिकडे फिरू दे, तू चिंगीला घेऊन आत जा. नंतर कधी आईंना आत यावंसं वाटलंच, तर सकाळी शांत असताना ने. कुत्री धावत आली तर त्यांना एखाद्या झाडाला टेकून, गुडघे किंचित वाकवून उभं राहायला सांग, आणि हातात काही खायचं नको.