मदत हवी आहे: नोबिता रावेरला आला आणि नोबिता राहिलाच नाही

पीजे_पॅसेंजर

मंडळी, प्रश्न पोरकट वाटेल, पण डोक्याला ताप झालाय.

आमच्या गल्लीतल्या पोरांसाठी दर सुट्टीत एक हस्तलिखित काढतो. यंदा पोरांचं फर्मान निघालं: गोष्ट डोरेमॉनचीच पाहिजे, पण आपल्याकडं घडणारी. (कार्टून न पाहिलेल्यांसाठी: डोरेमॉन म्हणजे नोबिता या आळशी पोराच्या मदतीला भविष्यातून आलेला मांजराच्या रूपातला यंत्रमानव, खिशातून अजब वस्तू काढून देणारा. शिझुका, जियान, सुनियो हे नोबिताचे सवंगडी.) म्हटलं, त्यात काय. कुठंही नेणारा तो दरवाजा उघडायचा आणि नोबिता, शिझुका, जियान, सुनियो, डोरेमॉन अशी सगळी वरात टोकियोतून थेट जळगाव जिल्ह्यातल्या रावेरजवळच्या केळीच्या बागेत. मे महिना, वादळाची धास्ती, आप्पांना घड उतरवायची घाई, मजूर मिळेनात. पोरं मदतीला धावतात.

सुरुवात झकास झाली. दरवाजातून पडतानाच नोबिताचा चष्मा पाटात गेला वगैरे. पण बागेत शिरल्यावर काय होतं कोण जाणे, नोबिता शहाणा होतो. हा मासला बघा:

"नोबिताने कपाळावरचा घाम पुसला. 'आप्पा, काळजी करू नका,' तो म्हणाला. 'शेतकरी जगला तर देश जगेल. आपण सगळे मिळून घड उतरवू.' जियानने त्याच्या पाठीवर थाप मारली. सुनियोने लगेच बाह्या सरसावल्या. शिझुका आजीबरोबर भाकरी थापायला बसली."

भाचा सहावीत आहे. त्यानं वाचलं, वही परत दिली आणि म्हणाला, "मामा, हा नोबिता नाहीये. हा तूच आहेस."

बरं, नोबिताला रडका आणि आळशी ठेवावा तर गोष्ट जागची हलत नाही. कामाला लावावा तर तो नोबिता राहत नाही. जियान नुसता दम देत फिरतो. डोरेमॉनचं एटीएम झालंय, बटण दाबा आणि वस्तू घ्या. पात्रं त्यांच्यासारखीच वागली पाहिजेत आणि गोष्टही रावेरचीच वाटली पाहिजे. कसं जमवायचं?

खवचट_खान्देशी

कार्टून रोज टीव्हीवर लागतं की. पोरांना तेच दाखवा, तुमची शाई वाचेल. (ह. घ्या.)

पीजे_पॅसेंजर

घेतलं हलकं. पण ती बघून झाल्यावरच पोरं विचारतात, "तो आपल्याकडं आला तर?" त्याला काय उत्तर देऊ?

तापीकाठची

भाऊ, भाच्याला एक कुल्फी द्या. नेमकं बोट ठेवलंय त्यानं.

मी कॉलेजपासून कार्टूनच्या पात्रांवर गोष्टी लिहिते, त्यामुळे या चिखलातून बऱ्याचदा गेलेय. तुम्ही पात्राच्या खुणांनाच पात्र समजताय. चष्मा, परीक्षेतला भोपळा, डोरेमॉनच्या नावानं टाहो या सगळ्या खुणा. त्या कुणालाही जमतात. पात्र ओळखू येतं ते त्याला काय हवंय आणि त्यासाठी तो कुठली पळवाट काढेल, यावरून. नोबिताला फळ हवं असतं, कष्ट नको असतात. पाठांतराच्या ब्रेडची गोष्ट आठवतेय? पुस्तकाच्या पानावर ब्रेड दाबायचा, खायचा, पान पाठ. ब्रेड अगदी चोख काम करतो. पण हा इतकं खातो की पोट बिघडतं आणि सगळं पाठांतर संडासात जातं. म्हणजे घोळ घातला तो नोबितानं. तुमच्या गोष्टीत वस्तू चालते, काम होतं, टाळ्या. मग नोबिता हवाय कशाला? आप्पांनाच द्या ती वस्तू.

आता दुसरी बाजू. फुजिको एफ. फुजिओ यांची ही चित्रकथा जपानी मुलांच्या मासिकांत 1970च्या जानेवारी अंकांपासून येऊ लागली. नुसत्या ऐतखाऊ पोरावर इतकी वर्षं कुणी जीव लावत नाही. नोबिताचा नेम अचूक आहे, दोऱ्याच्या खेळात तो पटाईत आहे, आणि डोकं टेकताच झोपण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण मला विचाराल तर खरी किल्ली त्याची वारलेली आजी. तिच्यासाठी तो टाईम मशीनमध्ये बसून मागं जातो. आणि त्याच्या नि शिझुकाच्या लग्नाच्या आदल्या रात्रीची गोष्ट आहे, त्यात शिझुकाचे वडील लेकीला सांगतात की हा मुलगा दुसऱ्याच्या सुखात सुख मानतो आणि दुसऱ्याच्या दुःखानं दुःखी होतो. तिथंही त्याला कुणी हुशार किंवा कष्टाळू म्हणत नाही, बरं का. त्याचा चांगुलपणा आळसाच्या शेजारीच राहतो. त्याला बाहेर काढायला आळस घालवावा लागत नाही.

तुमच्या गोष्टीत आजी आहेच, तिला मात्र तुम्ही चुलीपाशी ठेवलीय. मी असं काहीतरी करीन:

"'माझं पोट दुखतंय,' नोबिता म्हणाला आणि बाजेवर आडवा झाला. पुढच्या क्षणी तो घोरत होता. जाग आली तेव्हा आजी पदरानं त्याला वारा घालत होती. 'थांबलं का रे दुखायचं?' तिनं विचारलं. नोबिता उठून बसला. आजीकडं बघवेना. तो डोरेमॉनच्या कानाशी, म्हणजे कान असते तिथं, पुटपुटला, 'आजीला कळू न देता सगळे घड खाली येतील असं काहीतरी दे ना.'"

खोटं बोलला, झोपला, ओशाळला आणि तरीही स्वतः घड उचलायचं मनात आलं नाही. आता जी वस्तू मिळेल ती तो घाईत आणि गरजेपेक्षा जास्त वापरणार. गोष्ट तिथून आपोआप चालेल.

केळीवाला_रावेर

ताईंनी पात्रांचं सांगितलं, मी केळीचं सांगतो. भाऊ, घड म्हणजे खेळ नाही. चांगल्या बागेत एकेक घड 20-25 किलोचा भरतो. खांद्यावर पोत्याची घडी टाकून मोठी माणसं वाहतात. चौथी-पाचवीतलं पोर त्याखाली बसेल. आणि मे महिन्यात भर दुपारी कुणी बागेत कटाई करत नाही, 45 अंशांत माणूस करपेल. आमच्याकडं सकाळी लवकर सुरू. वादळाची धास्ती मात्र बरोबर. झाड वरून जड, मुळं उथळ, एका वाऱ्यात अख्खी ओळ आडवी होते.

दुसरं म्हणजे झाडावर पिवळी केळी लटकवू नका. माल हिरवाच कापतात, पिकवतात नंतर. आणि चीक! ओल्या दांड्याचा चीक कपड्याला लागला की आधी दिसतही नाही, मग काळपट डाग उमटतो आणि तो जन्मात जात नाही. आमच्या घरी बागेचे कपडे वेगळेच असतात. नोबिताच्या शर्टाला लागू द्या आणि घरी पाठवा आईसमोर.

तापीकाठची

वा! आणि ती हिरवी केळी सुनियोला द्या. "माझ्या चुलतभावाच्या मित्राची अशीच बाग आहे, मला सगळं माहीत आहे" म्हणत तो कचकन चावा घेईल. तोंड तुरट झालं तरी "फारच छान" म्हणत गिळेल, कारण जियान बघतोय. सुनियोला बाह्या सरसावायला लावणं त्याच्यावर अन्याय आहे.

आखाजी_झोका

शिझुकाला भाकरी थापायला बसवलंत? का हो? ती दरवाजातून पडून रावेरात आलीय, सासरी नाही. ती व्हायोलिन भयानक बेसूर वाजवते, तिला दिवसातून कितीदा तरी आंघोळ लागते आणि भाजलेली रताळी जीव की प्राण, पण ते कुणाला कळलेलं तिला चालत नाही. धुळीनं माखल्यावर पहिला प्रश्न ती आंघोळीचा विचारेल, आणि बागेत पाणी म्हणजे ठिबकच्या नळ्या! आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका बांधलेला असेल तर त्यावरून ती उतरायची नाही. तेवढंच लिहा, भाकऱ्या आप्पांनाही येतील.

पांझराकाठ

माझ्या मते जियानला अहिराणी द्या. त्याचं ठरलेलं तत्त्वज्ञान बघा कसं बसतं: "तुन्हं ते मन्हं, आनि मन्हं ते बी मन्हंच!" पोरं लोळतील हसून.

केळीवाला_रावेर

रावेर-यावल पट्ट्यात लेवा बोली चालते हो. अहिराणी तुमच्याकडं, धुळं-साक्री-अमळनेर. आमचे आप्पा अहिराणी बोलले तर गावातलंच पोर वही फेकून देईल.

तापीकाठची

पांझराभाऊ, वाक्य भारी आहे, मीही हसले. पण टोकियोचे बाकी चौघं एकाच मराठीत बोलणार आणि दांडगाई करणाराच तेवढा आपल्या बोलीत? पोरं त्यातून काय उचलतील? त्यापेक्षा बोली गावातल्या एखाद्या पोराला द्या आणि ते पोर जियानला अजिबात भीत नाही असं दाखवा. मग जियानला काहीतरी करावं लागेल. तो नुसता गुंड नाही. किराणा दुकान चालवणारी आई समोर आली की त्याची बोबडी वळते, बहिणीवर त्याची माया आहे, आपलं गाणं जगात सर्वोत्तम असल्याची त्याला खात्री आहे, आणि मोठ्या साहसाच्या गोष्टींत मित्रांसाठी सगळ्यात पुढं तोच उभा राहतो. त्याची माया जोर-जबरदस्तीनंच बाहेर पडते, ते विसरू नका. आप्पांचा घड पडायला आला तर तो धरेल, आणि वर "माझा घड आहे हा, कुणी हात लावायचा नाही" असं ओरडेल.

पांझराकाठ

पटलं. धुळ्यावर गोष्ट लिहाल तेव्हा माझं वाक्य राखून ठेवा.

पीजे_पॅसेंजर

सगळ्यांचे आभार. कालपासून वही पुन्हा उघडलीय. आजीचा प्रसंग घेतला. भाकऱ्या काढल्या. "शेतकरी जगला तर" हे वाक्य खोडताना जिवावर आलं, पण खोडलं.

एक गंमत सांगतो. इकडच्या पोरांनी डोरेमॉन पाहिला तो हिंदीत, 2005पासून. त्यामुळे पात्रांचे आवाज त्यांच्या कानात पक्के बसलेत. मी संवादांमधली नावं पट्टीनं झाकून भाच्याला वाचायला दिली आणि विचारलं, कोण बोलतंय ओळख. सुनियो आणि जियान झटक्यात ओळखले. डोरेमॉनच्या जागी म्हणाला, "आई?" म्हणजे तिथं अजून गडबड आहे.

डोरेमॉन उंदराला भितो, आणि पंपाच्या खोलीत उंदीर असणारच. म्हणून विचार असा होता की शेवटी वादळ सुटतं, उंदीर बघून डोरेमॉन घाबरतो, खिशातल्या सगळ्या वस्तू भसाभसा बाहेर फेकतो आणि त्यातली एक नेमकी वादळ थांबवते. चालेल?

तापीकाठची

उंदीर चालेल, शेवट नाही चालणार. घाबरला की डोरेमॉन खिशातून भलभलत्या वस्तू काढतो हे अगदी त्याचंच आहे. पण त्यातून नशिबानं सुटका झाली की पोरं म्हणतील, मग आम्ही इतका वेळ वाचलं कशाला? तोच उंदीर आधी आणा. नेमकी हवी ती वस्तू काढायच्या वेळी डोरेमॉन पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर चढून बसलाय, खाली यायला तयार नाही, आणि वस्तू नोबिताच्या हातात पडलीय. कशी वापरायची ते त्याला अर्धंच ऐकू आलंय. भाच्याला "आई" वाटला ना, त्याचं कारण तुमचा डोरेमॉन नुसता समजावत बसतो. तो बावचळणाराही आहे, रागावणाराही आहे, आणि बाविसाव्या शतकातला असला तरी जरा कमअस्सल बनावटीचा यंत्रमानव आहे. त्याला एकदा तरी चुकू द्या.

केळीवाला_रावेर

पत्र्यावर मे महिन्यात? सकाळी नऊच्या आत बसवा. नंतर चटका बसेल बिचाऱ्याला.