परिषदेत पेपर वाचू की राउंड टेबल घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. डिसेंबरात पुण्यात उच्च शिक्षणावरची राष्ट्रीय परिषद आहे. फॉर्म भरायला बसले आणि 'सादरीकरणाचा प्रकार' या रकान्यापाशी अडले. शोधनिबंध (१५ मिनिटं आणि ५ मिनिटं प्रश्न), पोस्टर, पेचाकुचा, राउंड टेबल (४५ मिनिटं), कार्यशाळा (९० मिनिटं). आजवर पेपर वाचण्यापलीकडे मी काही केलेलं नाही.

विषय असा. पहिल्या वर्षाला दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं जास्त. 'मोल'ची (अणू-रेणू मोजायच्या एककाची) व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हणतात, गणित घातलं की गप्प. म्हणून दोन सत्रं असं करून पाहिलं: आधी जोडीदाराला मराठीत समजावायचं, मग जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) इंग्रजीत लिहायचं. एक मुलगी म्हणाली, "डझनभर लिंबं आणि डझनभर कलिंगडं, मोजायला सारखीच, वजन वेगळं. मोल म्हंजे तसलाच डझन, फक्त लई मोठा." पण तुलनेला दुसरी तुकडी नाही, आधी चाचणीही घेतली नव्हती. हातात आहेत ती जर्नलं आणि माझ्या नोंदी.

मागच्या परिषदेत उद्घाटन आणि शाल-श्रीफळ इतकं लांबलं की जेवणानंतर "मॅडम, पाच मिनिटांत आटपा" झालं. समोर सात जण, त्यातले पाच स्वतःच्या पाळीची वाट बघणारे.

मन राउंड टेबलकडे ओढतंय. विभागप्रमुख म्हणतात, प्रोफेसरपदाला गुण लागतात, सर्टिफिकेटवर 'पेपर प्रेझेंटेड' हवंच. कुणी राउंड टेबल घेतलंय का? त्यात नेमकं करतात काय?

प्रतिसाद १
ताई, राउंड टेबलच. पेपर वाचलात तर पहिला प्रश्न 'कंट्रोल ग्रुप (तुलनेची तुकडी) कुठाय?' हाच येणार, आणि पाच मिनिटं त्यातच जाणार. टेबलाभोवती आठ-दहा जण असतात, प्रोजेक्टर बहुधा नसतो. पाच-सात मिनिटांत काय केलं ते सांगा, मग जर्नलची दोन पानं (नावं झाकून, मुलांची परवानगी घेऊन) मध्ये ठेवा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्याला, मास्तर लोकांना, जड जातं! चर्चेचे प्रश्न दोनच न्या. मी सहा नेले होते, दुसऱ्यावरच वेळ संपली.

प्रतिसाद २
पेचाकुचाच्या वाटेला जाऊ नका. २००३ मध्ये टोकियोत दोन वास्तुविशारदांनी सुरू केलेला प्रकार: २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद, एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. स्लाइड आपोआप पुढे सरकतात. तुमची लिंबं-कलिंगडं निम्मी सांगून होईपर्यंत पुढचं चित्र हजर.
पोस्टरही वाईट नाही. त्याचा ए-झीरो आकार म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर. एसटीत ती नळकांडी सांभाळताना मी रडकुंडीला आले होते. कापडावर छापून घ्या, घडी करून पिशवीत जातं.

प्रतिसाद ३
गुणांचं सांगतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कॉलेजातल्या प्रोफेसरपदाला ११० रिसर्च स्कोअर लागतो. राष्ट्रीय परिषदेतल्या पेपरचे त्यात ३. शिवाय निमंत्रित व्याख्यानं, पेपरवाचन आणि धोरण-दस्तऐवज मिळून एकूण स्कोअरच्या ३० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. तोच पेपर वाचला आणि प्रोसिडिंग्जमध्ये (परिषदेच्या लेखसंग्रहात) छापला, तरी एकदाच धरतात. म्हणजे तीन गुणांसाठी तुम्ही हातची चर्चा घालवताय. तरी सर्टिफिकेटवर काय लिहिणार, हे आयोजकांना आधी ईमेलवर विचारा. फोनवर नको, पुढे फाईलला लावायला कागद हवा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. तीन गुणांचं ऐकून हसूच आलं. आयोजकांना मेल केला, राउंड टेबलवर खूण केली. प्रश्न दोन ठरवलेत: मुलांनी मराठीत बरोबर सांगितलं आणि इंग्रजीत चुकीचं लिहिलं, तर गुण यातल्या कोणत्या उत्तराला द्यायचे? आणि ज्या मुलांची घरची भाषा मराठी नाही (माझ्याकडे कन्नड बोलणारी चार आहेत), त्यांची जोडी कुणाशी लावायची?
गोषवारा ३०० शब्दांत बसवायचाय, सध्या ५१० झालाय. उद्या इथेच टाकते, कात्री चालवा.