वणव्यासाठी ग्रामसभेत नेमका काय ठराव घ्यायचा? 26 जानेवारीच्या आत सांगा

सड्यावरचा_काजू
नमस्कार मंडळी, आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, वाडी सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या सपाट माळाच्या खाली. गेल्या मार्चमध्ये दुपारी दोनच्या सुमारास सड्यावरून वणवा आला. वारा समुद्राकडून सुटलेला, आम्ही दहा-बाराजण ओल्या डहाळ्या घेऊन झोडपत होतो पण गवत कमरेएवढं, एका बाजूला विझवलं की दुसरीकडे पेट घेत होतं. माझी काजूची चाळीसेक कलमं गेली, आंब्याला आग लागलीच नाही तरी नुसत्या झळेने मोहोर करपला आणि पानं तांबडी झाली. गोठ्यापासून पन्नास पावलांवर आग आली तेव्हा काकीने गुरांची दावी कोयत्याने कापली, गाठ सोडवायला वेळच नव्हता.
सरपंचांना तीनदा भेटलो. ते म्हणतात वणवा हे वनखात्याचं काम, ग्रामपंचायत काय करणार. वनखात्यात गेलो तर ते म्हणाले तुमचा सडा मालकीचा आहे, आमच्या हद्दीत येत नाही. मग करायचं कोणी? 26 तारखेला ग्रामसभा आहे, मला उभं राहून बोलायचंय पण नुसतं "काहीतरी करा" म्हणून बसायचं नाहीये. ठरावात काय लिहून घ्यायचं ते कृपया सांगा.

पाटण_खोरे
दादा वाचून वाईट वाटलं, विशेषतः कलमांचं, ती परत उभी करायला पाच-सहा वर्षं जातात.
आमच्याकडे पहिला ठराव जाळरेषेचा घेतला. सडा आणि वाडी यांच्यामध्ये निदान वीस फुटांचा पट्टा, आधी गवत कापायचं आणि मग उरलेलं पहाटे दव असताना जाळायचं, दोन्ही बाजूला माणसं उभी करून. दुपारी अजिबात नाही. जाळरेषाच हाताबाहेर जाऊन वणवा लागल्याचं मी स्वतः पाहिलंय, म्हणून दिवस, वेळ आणि कोण हजर राहणार ते ठरावातच लिहा. "जाळरेषा काढण्यात यावी" एवढंच लिहिलं तर कागद फाइलला लागतो आणि सडा तसाच राहतो. खरं तर हा विषय 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत यायला हवा होता, दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं, पण आता जे हातात आहे ते करा, 15 फेब्रुवारीच्या आत पट्टा झाला पाहिजे. वनखात्याचा वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात.
आणि कोरम बघा. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात, ती नसली की सभा तहकूब. वाडीतल्या बायकांना आधीच घरी जाऊन सांगून या, त्यांनाच आगीची जास्त धास्ती असते आणि त्याच येतात.

चाकरमानी_डोंबिवली
मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितो. आमची जमीन अशीच सड्यावर आहे आणि आम्ही फक्त गणपतीला आणि शिमग्याला गावी जातो, गवत कोणी कापत नाही. पूर्वी गुरं होती तेव्हा एक काडी शिल्लक राहायची नाही, गावात गवताला भाव होता, आता गुरंच राहिली नाहीत त्यामुळे सगळं उभ्याउभ्या वाळतं. सातबाऱ्यावर आमच्या घराण्यातली तेवीस नावं आहेत, त्यातले निम्मे एकमेकांना ओळखतही नाहीत. तुम्ही ठरावात असं घ्या की मालक गैरहजर असेल तरी पट्ट्यापुरतं गवत वाडीने कापावं, मालकाला आधी कळवावं, आणि गवत कापणाऱ्याने न्यावं. आम्हाला ग्रामपंचायतीकडून एक पत्र किंवा व्हॉट्सअपवर मेसेज आला असता तर आम्ही लगेच हो म्हटलं असतं, मजुरीचे पैसेही दिले असते. कोणी विचारलंच नाही आणि आम्हीही विचारलं नाही, ही आमची चूक आहे.

रानवाटा
सरपंचांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याचं कलम 79 म्हणतं की जंगलावर ज्यांचे हक्क आहेत त्यांनी आग दिसली की कळवायचं आणि विझवायला मदत करायची. पण हे झालं वनखात्याच्या जंगलाचं. रत्नागिरीत वनखात्याची जमीन अगदी थोडी, बाकी डोंगर मालकीचे, म्हणून तुमच्याकडे ग्रामपंचायतीनेच पुढे व्हायला लागतं, तिथे दुसरं कोणी येणार नाही. मालकीच्या जागेत कोणी निष्काळजीपणे आग सोडली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 287 आहे, पोलिसात तक्रार देता येते.
उपग्रहाचं पण सांगतो कारण हल्ली सगळे त्यावर विसंबतात. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे नोंदणी केली की आगीचा मेसेज फोनवर येतो, पण उपग्रहाचा एक ठिपका 375 मीटरचा असतो आणि तो दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. गवताची आग तासाभरात तुमच्या गोठ्याशी येते. त्यापेक्षा फेब्रुवारी ते मे दुपारी बारा ते पाच सड्यावर एक माणूस बसवा, हातात फोन आणि शिट्टी, त्याची मजुरी ग्रामपंचायतीने द्यायची. आग वनखात्याच्या हद्दीकडे सरकत असेल तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइन नंबरला फोन लावा.

गडचिरोलीची_मी
आमच्याकडे आग मोहाच्या झाडाखालचा पाचोळा साफ करायला लावतात, आणि तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून. वर्षानुवर्षं लोक म्हणायचे हे असंच चालतं. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने वनहक्क मिळाल्यावर तेंदूपानं तोडायचीच नाहीत असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि जंगल पेटवलं जातं. हातात येणारा पैसा सोडला आणि बांबूवर भर दिला. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तिथेही जंगलाचे निर्णय ग्रामसभाच घेते. तुमच्याकडे जमीन मालकीची आहे हे कळतंय मला, पण आग कोण लावतं आणि का लावतं हे सभेत उघड बोला. चोर शोधायला नको, कारण शोधा. आमच्याकडे ते बोलल्यावरच फरक पडला.

सड्यावरचा_काजू
गडचिरोलीच्या ताई, कारण सगळ्यांना माहीत आहे. एक तर गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं ही समजूत, आणि दुसरी भाजावळ, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजणं. कवळ (झाडाच्या डहाळ्या) तोडून, पातेरा (वाळका पाला) पसरून राब भाजतात आणि तो पेटता सोडून घरी जेवायला जातात. भाजावळ बंद करा म्हटलं तर सभा उठून जाईल.

पाटण_खोरे
बंद करा म्हणूच नका, कोणी ऐकणार नाही आणि भाताचं रोप कुठून आणणार. एवढंच लिहा की राब भाजायचा तो सकाळी नऊच्या आत, शेजाऱ्याला सांगून, आणि धूर पूर्ण थांबेपर्यंत माणूस जागेवर पाहिजे. दंड ठेवायचा तर छोटा ठेवा पण वसूल करा.

सॅक्रामेंटोचा_कोकणी
कॅलिफोर्नियातून लिहितोय, मूळ लांज्याचा. इथे घराभोवती 100 फूट जागा साफ ठेवायचा कायदा आहे. पण मला दुसरंच सांगायचंय, 8 नोव्हेंबर 2018 ला पॅराडाइज गावाला आग लागली, 85 माणसं गेली. त्या गावाने तयारी केली नव्हती असं नाही, गावाचे भाग पाडले होते, कोणत्या भागाने कधी निघायचं ते ठरलं होतं, सरावही झाला होता. पण सगळ्यांना एकदमच निघावं लागलं, मुख्य रस्ता गावातून जातो तिथे आधी अरुंद केलेला होता, गाड्या अडकल्या. तुमच्या वाडीला रस्ते किती आहेत? म्हातारी माणसं कोणत्या घरात एकटी आहेत त्याची यादी आणि त्यांना कोण आणणार त्याचं नाव, हे ठरावाला जोडा. याला पैसे लागत नाहीत.

सड्यावरचा_काजू
रस्ता एकच, तोही सड्यावरून. खालून पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) बाजूने जुनी पाणंद आहे पण काट्यांनी भरलीय, दोन ठिकाणी गडगे, म्हणजे दगडी बांध, पडलेत. हे डोक्यातच आलं नव्हतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आमच्याकडे सात आहेत, माझी काकी धरून.
चाकरमानी दादा, तुम्ही लिहिलंत ते मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय, दोघांनी होकार कळवला. रविवारी आम्ही पाच जण दोरी घेऊन सड्यावर पट्टा मोजायला जातोय, आणि पाणंदीचे काटे तोडायला कोयते. ठराव मी आजच लिहायला घेतो, लिहून झाला की इथे टाकतो, काही राहिलं असेल तर लगेच सांगा, 26 ला नऊ दिवसच उरलेत.